सुंदरबाईचा हात

पारोळ्याकडच्या त्या गावात लग्नकार्य निघालं की खापरावरचे मांडे कोण करणार, हा प्रश्नच नसे. हिलालची बायको सुंदर पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत अशी पातळ करी, की पलीकडचं दिसावं. मग ती अलगद पालथ्या खापरावर टाकी. सासू यशोदाबाई तेव्हा चुलीशी उभ्या राहून, सगळं आपणच केल्यासारख्या मिरवायच्या. सून गुणाची निघाली की सासूची मान ताठ होतेच, त्यात वाईट काही नाही.

एका वैशाखात यशोदाबाईंनी तिला भर दुपारी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करायला शेतात पाठवलं. ऊन लागून ती बांधावरच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध हरपलेली. कांद्याचा रस चोळला, ओल्या फडक्यांत गुंडाळलं, आणि ती वाचली. घराला वाटलं, संकट टळलं.

कसलं टळतंय! सुंदर उठली ती पाय फाकवून, भिंत धरून चालू लागली. बोलणं तुटक झालं, एकेक अक्षर सुटं. आणि हात मांडीवर ठेवला की शांत. तांब्याकडे नेला की थरथरायला लागे आणि जवळ पोचेपर्यंत असा भरकटे की तांब्या आडवा. यशोदाबाईंनी थोडे दिवस पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

“बठेल ऱ्हास तवय हात थीर, अन काम सांगं का लागस नाचाले! बठ्ठं नाटक शे.”

“मी मुद्दाम नही करस, माय,” सुंदर म्हणे. “हात मन्हं आयकस नही.”

“नाचता येईना, आंगन वाकडं!” आणि वर पुन्हा ओरडून नवं काम.

मला यशोदाबाईंचा राग येतो. पण खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात खोट काढणं सोपं नव्हतं. काम पाहून येणारा आजार कुणी पाहिलाय? हिलाललाही तसंच वाटलं. माणूस वाईट नव्हता, पण आई बोलायला लागली की ताटाकडे बघायची त्याला सवय होती.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या सुना माहेरी निघाल्या, तशी सुंदरही भावाबरोबर अमळनेरला गेली. सण झाला. बाकीच्यांना घ्यायला सासरची माणसं गेली, सुंदरला घ्यायला कुणी गेलं नाही. टाकली असं कुणी तोंडाने म्हणालं नाही, नुसती आणली नाही. पावसाळा सरता सरता यशोदाबाईंनी हिलालसाठी धुळ्याकडची एक मुलगीही पाहून ठेवली.

तेवढ्यात सुंदरचा भाऊ भाईदास याचा निरोप आला, की बहिणीला जळगावच्या डॉक्टरांना दाखवतोय, तुम्हीही या. हिलाल गेला. शिकलेला माणूस नाटक चटकन पकडेल, म्हणजे दुसऱ्या लग्नाचा बोल आपल्यावर येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. सांगायलाही लाज वाटते, पण होता.

डॉक्टरांनी सुंदरला आधी त्यांच्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट निघालं सरळ. नाकाजवळ आलं आणि गालावर आपटलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा गाल. तिचे डोळे भरून आले.

“स्वस्थ बसल्यावर हात हलतो का?” डॉक्टरांनी हिलालला विचारलं.

“नाही साहेब. तेव्हा थीर असतो. काम सांगितलं कीच हलतो.” आता बिंग फुटणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

“बरोबर! ही तर मोठी खूण. अ‍ॅटॅक्सिया म्हणतात याला.”

हिलालला तो शब्द उच्चारताही येईना. डॉक्टर थांबून म्हणाले, “बैल धट्टेकट्टे आहेत, रस्ता दिसतोय, पण कासरा धरणारा नाही, असं समजा. हातात जोर आहे, मनात इच्छा आहे. हाताला किती आणि कुठे जायचं ते सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग उन्हाने दुखावलाय. रागावलं, घाई केली, की आणखी हलेल.”

“बरं होईल?”

“थोडंफार. पहिल्यासारखं नाही.”

आईने ओरडून सांगितलेलं एकेक काम हिलालला आठवलं. बाहेर टांग्यापाशी तो सुंदरला म्हणाला, “चाल घर. मी मायले समजाडस. तुले आजार शे.”

सुंदरने त्याच्याकडे पाहिलं. बोलायला तिला वेळ लागला. “मी... सांगं... तवय नही पटनं. डाक्टरनी सांगं... तवय पटनं.” ती दम घेऊन पुढे म्हणाली, “उद्या... मी आखो काही... सांगं, तं परत... जळगाव येशात का... इचाराले?”

तिला टांग्यात चढवायला त्याने हात पुढे केला. ती भाईदासचा खांदा धरून चढली.

हिलाल एकटाच परत आलेला पाहून यशोदाबाई ओसरीवरून उठल्या. “काय सांगं रे डाक्टरनी?”

“नवं काहीच नही,” हिलाल म्हणाला. “सुंदर सांगे तेच.”

यशोदाबाई तिथेच खाली बसल्या. धुळ्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, आणि सुंदरही परत आली नाही.