अक्काच्या दातांमधली फट

“खोटं रडतोय हा माणूस,” असं म्हणून कवळीवाल्यांनी मेणाने चिकट झालेलं बोट फोनवर आपटलं आणि ऐन रंगात आलेली गोष्ट बंद पाडली.

सूनबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. “बाबा, त्याची बायको गेलीय गोष्टीत. रडणारच ना तो?”

“रडू दे की. पण आधी मला रडायला जागा ठेव म्हणावं. हा माझ्या आधीच गळा काढतो, मग मी काय करू? टाळ्या वाजवू?”

“मग दुसरं लावा. एवढी ढीगभर पुस्तकं आहेत त्यात.”

“पुस्तकं ढीगभर आहेत गं. वाचणाऱ्यांचा दुष्काळ आहे.”

सूनबाईने कप ठेवला आणि ती हसत निघून गेली. पुस्तकं ऐकायची ही सोय तिनेच त्यांच्या फोनवर करून दिली होती. खोलीतला जुना रेडिओ बंद पडला तेव्हा सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून सहज दिलेली ही वस्तू त्यांच्या मानगुटीवर बसेल, याची तिला काय कल्पना!

कवळीवाले म्हणजे लोकांच्या कवळ्या करून देणारे. दवाखान्यात डॉक्टर बोळक्या तोंडाचं माप घ्यायच्या, ते माप इथे यायचं, आणि घराच्या मागच्या खोलीत बसून हे त्यावर दातांची रांग उभी करायचे. आधी मेणात. मेणातले दात तोंडात बसवून बघायचे, सगळ्यांच्या पसंतीला उतरले की मग पक्की कवळी. उभा जन्म या कामात गेला होता. ज्यांच्यासाठी दात केले त्यांतल्या बहुतेकांचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. हात कामात आणि कान मोकळे, असा हा धंदा. त्यामुळे कानात पुस्तक सोडून दिवसभर बसायला त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता.

पण श्रोता म्हणून म्हातारा महा खडूस. एक बाई प्रत्येक वाक्य असं वाचायच्या, की ऐकणारा ढ आहे हे जणू त्यांना आधीच कळवलेलं होतं. एक गृहस्थ पात्रागणिक आवाज बदलायचे. त्यांची नायिका बोलायला लागली की कवळीवाले उठून पाणी प्यायला जायचे. एकाचा आवाज भारदस्त होता, पण त्याला गोष्टीपेक्षा स्वतःचा आवाजच जास्त आवडत असावा. फक्त एका वयस्कर वाचकाचं पुस्तक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्याच प्रकरणात त्याची खालची कवळी खट्कन वाजली होती. “सैल आहे बिचाऱ्याची,” ते म्हणाले, आणि केवळ धंद्याची माणुसकी म्हणून ते रटाळ पुस्तक त्यांनी पुरं केलं.

“तुम्हाला नेमकं कसं वाचलेलं हवंय?” सूनबाईने एकदा वैतागून विचारलं.

“अक्का वाचायची तसं,” ते म्हणाले. त्यांना विचारही करावा लागला नाही.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. शाळेत लहान मुलांच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि याच घराच्या पुढच्या खोलीत राहणारी. वडील गेले तेव्हा हे अगदी लहान होते. आई कामावरून परत येईपर्यंत अक्का त्यांना पायरीवर घेऊन बसायची आणि वाचून दाखवायची. अक्काच्या समोरच्या वरच्या दोन दातांत फट होती, काडेपेटीतली काडी सहज जाईल एवढी. त्या फटीतून तिच्या बोलण्यात अधूनमधून बारीकशी शीळ यायची. वर्गातल्या मुली त्यावरून चिडवायच्या, आणि फोटो काढताना अक्का ओठ घट्ट मिटून घ्यायची. एकदा ती रडत घरी आली तेव्हा या चिमुरड्याने तिला वचन दिलं होतं, “मी मोठा झालो ना, की तुझे दात सरळ करून देईन.”

आणि दिलेही होते. तीन वर्षांमागे अक्काचे वरचे शेवटचे दात पडले, तेव्हा कवळीवाल्यांनी इतर सगळी कामं बाजूला सारली. जन्मभराची कसबी बोटं पणाला लावून त्यांनी बहिणीला अशी कवळी करून दिली की डॉक्टरसुद्धा बघत राहिल्या. एकसारखे, मोत्यासारखे दात, फटीचं नाव नाही. अक्काने आरशात पाहिलं आणि “छान झालेत हो,” म्हणाली. त्या दिवशी कवळीवाल्यांच्या पायाला जमीन लागत नव्हती.

तेव्हापासून अक्का कमी बोलायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. “हो”, “नको”, “ठेव तिथे”, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. शेजारणी गप्पा मारायला यायच्या त्याही हळूहळू यायच्या थांबल्या. आणि कवळीवाले कानात दुसऱ्यांचे आवाज कोंबून मागच्या खोलीत बसलेले असायचे.

एके दिवशी सकाळी फोनवर पुस्तकं चाळता चाळता त्यांना ओळखीचं नाव दिसलं आणि हातातली मेण कोरायची सुरी तशीच राहिली. लहानपणी अक्काने वाचून दाखवलेलं समुद्रातल्या जहाजाचं पुस्तक! जहाजावरचा आचारी, त्याचा एका डोळ्याने आंधळा कुत्रा, वादळ, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी अधीरपणे ते लावलं. वाचणारा कुणी तरुण होता, आणि काय वाचत होता! ना घाई, ना नाटकीपणा. खोट काढायला जागा नाही म्हणून कवळीवाले थोडे खट्टूच झाले. दुपारपर्यंत त्यांनी एका कवळीचे दात तेवढे बसवले, बाकी सगळं लक्ष जहाजावर. वादळ आलं. जहाज फुटलं. कुत्र्याने आचाऱ्याचा दोर दातांत धरून त्याला फळीपर्यंत ओढत नेलं. आता कुत्रा पोहत काठाला लागणार आणि अंग झाडून सगळ्यांना भिजवणार, हे ठाऊक असल्यामुळे कवळीवाले आधीच हसायला लागले होते.

कुत्रा बुडाला.

त्यांनी गोष्ट मागे नेली, पुन्हा ऐकली. कुत्रा पुन्हा बुडाला. त्या तरुणाने ते दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे वाचलं.

एप्रनसकट ते तडक पुढच्या खोलीत गेले. अक्का खिडकीशी बसून मोज्याला रफू करत होती.

“अक्का, कुत्रा मरतो!”

“कुणाचा?” अक्का दचकली.

“अगं, आचाऱ्याचा! जहाजावरचा! तू तर मला सांगितलंस तो पोहून काठाला आला म्हणून. सबंध पान होतं त्यावर. वाळूत लोळला काय, आचाऱ्याची टोपी पळवली काय!”

अक्का तोंडावर हात ठेवून हसायला लागली. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. “कळलं होय तुला शेवटी?”

“म्हणजे मनाचं वाचलंस तू?”

“मग काय करू? बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. तू रोज मला विचारायचास, ते कधी येणार म्हणून. आणि त्यात तो कुत्रा… जाऊ दे.”

“जाऊ दे काय? कसं वाचायचीस ते एकदा म्हणून दाखव ना. टोपी पळवतो ते.”

“नको रे.”

“एकदाच. बघ, डोळे मिटून बसतो, पूर्वी बसायचो तसा.”

भाऊ डोळे मिटून बसलाच म्हटल्यावर अक्काचा नाइलाज झाला. तिने दोन वाक्यं म्हटली. कुत्रा वाळूत लोळला, उठला, त्याने अंग झाडलं.

कवळीवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. गेलं वर्षभर त्यांनी तोंडं न बघता नुसते आवाज ऐकले होते. कोण दमलाय, कोण खोटं हसतोय, कुणाची कवळी सैल आहे, सगळं त्यांना कळायला लागलं होतं. आणि आता त्यांच्या समोर बसून जी बाई बोलत होती ती अक्का नव्हती. शब्द बरोबर होते. कवळी जरासुद्धा हलत नव्हती. पण ती शीळ कुठेच नव्हती, आणि प्रत्येक वाक्य भिंतीला आपटून मागे येत होतं. ती भिंत कुणी बांधली, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

“अक्का,” ते म्हणाले, “दात आवडले नाहीत ना तुला?”

“दात छान आहेत.”

“खरं सांग.”

अक्काने सुई मोज्यात खोचून ठेवली. “बोलायला लागले की कुणी दुसरीच बाई बोलतेय असं वाटतं. सुरुवातीला वाटलं, होईल सवय. मग म्हटलं, कशाला बोला.”

“आणि हे तू मला तीन वर्षं सांगितलं नाहीस?”

“तुला इतका आनंद झाला होता रे,” अक्का म्हणाली. “कोण सांगणार?”

कवळीवाल्यांना बसल्या जागी लाज वाटली. ज्या गोष्टीवरून मुली अक्काला चिडवायच्या ती त्यांनी तिच्या तोंडातून काढून टाकली होती, आणि तिच्याबरोबर अक्काही निघून गेली होती.

अक्काचं नवं माप घेतलं गेलं. त्यावर मेणात दात बसवताना त्यांची बोटं ऐकेनात. आयुष्यभर फटी बुजवल्या; हात आपोआप दात जवळ आणायचे, मग ते स्वतःवरच चरफडत पुन्हा लांब करायचे. फट किती, हे पाहायला फोटो एकही नाही, सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले. शेवटी अंदाजाने जमवून ते दात दवाखान्यात पाठवले, तर डॉक्टरांचा लगेच फोन.

“काका, एवढी फट कशी राहिली हो? तुमच्या हातून असं होत नाही कधी.”

“राहिली नाही डॉक्टर, ठेवलीय. अक्काला घेऊन मी स्वतः येतोय. आज मला तुमच्या खुर्चीजवळ जरा जागा द्या.”

मग दवाखान्यात एक गंमत झाली. अक्का खुर्चीत, तोंडात मेणातले दात. कवळीवाले तिच्याकडे पाठ करून भिंतीशी, डोळे मिटून.

“बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. माझ्या नावाने खडे फोड.”

“लहानपणापासून असाच हट्टी आहे हा,” अक्का डॉक्टरांना म्हणाली. “एकदा डोक्यात घेतलं की ऐकायचं नाही.”

“थांब.” त्यांनी दात काढून घेतले, सुरी तापवून मेण सैल केलं, एक दात केसभर सरकवला. “आता बोल.” पुन्हा काढले, पुन्हा सरकवला. डॉक्टरांनी बाहेरच्या दोन माणसांना थांबायला सांगितलं आणि त्याही ऐकत उभ्या राहिल्या. किती वेळ हे चाललं कोण जाणे. अक्का त्यांच्या लहानपणच्या सगळ्या खोड्या एकेक करून सांगत होती, आणि एका वाक्यात, मधेच, बारीकशी शीळ वाजली. अक्का थबकली. तिने जीभ दातांमागे फिरवून पाहिली. मग तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा शीळ वाजली.

भिंतीशी उभे असलेले कवळीवाले वळले नाहीत. “आता हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाले, आणि एप्रनच्या टोकाने त्यांनी चष्मा पुसला.

पक्की कवळी बसल्यावर पहिले काही दिवस घरात कुणाला बोलायची संधी मिळाली नाही. तीन वर्षांचं साचलेलं होतं. शेजारणी परत यायला लागल्या. सूनबाईने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते जहाजाचं पुस्तक शोधून आणलं, आणि एका दुपारी अक्का ते घेऊन मागच्या खोलीत आली, भावाच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसली. कवळीवाल्यांनी कानातली बोंडं काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

अक्का काही फार चांगली वाचत नव्हती. धाप लागायची, ओळ चुकायची, मधेच “हे काय छापलंय” म्हणून पान डोळ्यांशी न्यायची. फोनमधला तो तरुण तिच्यापेक्षा कितीतरी उजवा होता. कवळीवाल्यांनी तिला एकदाही टोकलं नाही. ते कुणाच्या तरी कवळीला झिलई देत असायचे, आणि रोज दुपारी थोडं थोडं असं जहाज पुढे सरकत होतं.

वादळाचं पान आलं. जहाज फुटलं. कुत्र्याने दोर दातांत धरला. अक्काने बोट त्या ओळीवर ठेवलं आणि चष्म्यावरून भावाकडे पाहिलं.

“काय करू?”

कवळीवाल्यांच्या मनात आलं, म्हणावं, वाचव त्याला. पण कपाळावर उडालेली झिलईची पांढरी पावडर पुसत ते म्हणाले, “आहे तसं वाच.”

अक्काने आहे तसं वाचलं. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. आचारी फळीवर पोहोचला, दोर सैल पडला, त्याने मागे वळून पाहिलं तर नुसतं पाणी होतं. छोट्या छोट्या शिळा घालत ती त्या परिच्छेदाच्या शेवटापर्यंत गेली आणि थांबली.

कवळीवाले रडत होते. बाबा गेले तेव्हा ते रडले नव्हते; तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. अक्काने पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि त्यांचं होईपर्यंत ती बसून राहिली.

“पाणी देऊ?”

“नको. पुढे वाच.”

“पुढे आता कुत्रा नाहीये हं.”

“माहितीये. वाच तू.”

अक्काने पान उलटलं.