डाव्या पायाच्या पाच तबकड्या

मंगळवार माझा उपासाचा. पहाटेची प्रार्थना गुडघ्यांवर झाली की सूर्य मावळेपर्यंत नुसतं पाणी. त्या मंगळवारी प्रार्थना उरकून मी थेट थर्मनच्या घरी गेले. माझ्या या धाकट्या भावाच्या डाव्या पायाची बोटं साखरेच्या आजारानं काळी पडली होती. डॉक्टरांनी गुरुवारपर्यंतची मुदत दिली होती. घोट्याच्या वरून पाय कापायचा, नाहीतर विष अंगभर चढणार. आणि थर्मन काही केल्या हो म्हणत नव्हता.

तो स्वयंपाकघरात खुर्चीत बसला होता, पायात जाड लोकरी मोजा. समोर त्याच्या बँडचा ड्रमवाला वेंडेल मक्याचा पाव ताकात कुस्करून खात होता.

"या, मदर डेला," थर्मन म्हणाला. चर्चमध्ये मला सगळे मदर म्हणतात, पण त्याच्या तोंडी तो शब्द टोमण्यासारखाच येतो. "पाय कापून टाक म्हणणारं बायबलातलं वचन ऐकवायला आला असाल, तर दार मागेच आहे."

"वचनं तुला माझ्याहून चांगली पाठ आहेत. मी विनवायला आलेय."

"या पायानं काय केलंय ते ठाऊक आहे तुला?"

ठाऊक होतं, पण ऐकीव. त्यांच्या वुल्फ क्रीक ब्रिगेड बँडमध्ये बास गिटार नव्हती. थर्मन ऑर्गनवर बसायचा. दोन्ही हात कळांवर, उजवा पाय आवाज कमी-जास्त करायला, आणि खालचा घनगंभीर सूर सगळा डाव्या पायाचा. बूट काढून, मोज्यानिशी, तो पाय ऑर्गनखालच्या लाकडी पट्ट्यांवर चालायचा. जॅझवाले म्हणायचे हे फंक आहे, नाचणारे म्हणायचे हे जॅझ आहे, आणि दोघंही तबकड्या विकत घ्यायचे. एकाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर, पाच अल्बम निघाले. मी एकही ऐकला नव्हता. पवित्र जीवनाची शपथ घेतली तेव्हाच मी चर्चबाहेरचं संगीत सोडलं होतं. तीस वर्षं तो नेम चालला होता. भाऊ रेडिओवर लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

"म्हणजे ऐकलेलं नाहीच," थर्मन म्हणाला. "न ऐकताच काप म्हणतेस. आधी ऐक. पाचही. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हण. मी सही करीन."

वेंडेलचा चमचा थांबला. "तिच्या नेमाला कशाला हात घालतोस? उपाशी आहे ती."

"तिनं माझ्या पायाला हात घातलाय."

मी खिडकीकडं तोंड करून मनातल्या मनात प्रभूला विचारलं. उत्तर आलं नाही. काही काही दिवशी ते येतच नाही. मग समोर असेल ते करायचं आणि त्याचा जाब वर द्यायचा. मी पर्स खाली ठेवली. "वेंडेल, लाव."

पहिली तबकडी मी मांडीवर हात घट्ट धरून ऐकली.

"कसं वाटलं?" थर्मननं विचारलं.

"गोंगाट."

"तो मी," वेंडेल म्हणाला.

दुसऱ्या तबकडीवर एक लांबलचक गाणं होतं. सगळे मिळून धावत होते, आणि मध्येच पाय थांबला. बाकीचेही त्याच्याबरोबर अधांतरी राहिले. एक श्वासभर काही नाही. मग पाय खाली आला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. हे मला कुठूनसं ओळखीचं वाटलं. रविवारी चर्चचा ऑर्गन थर्मन अजूनही वाजवतो. पोरवयात वाजवायचा तेव्हा मी पहिल्या बाकावर असायचे. उपदेश चढत चढत गाण्यावर आला की आमचे तेव्हाचे पाळक एल्डर मेब्री मध्येच छाती भरून श्वास घ्यायचे. त्या श्वासात ऑर्गननं पाऊल टाकायचं नाही, तो संपला की उत्तर द्यायचं. आमच्याकडं हे शिकवत नाहीत. बाकावर बसून बसून येतं.

"इथं एल्डर मेब्री श्वास घेताहेत," मी म्हणाले.

थर्मननं मान वर केली. वेंडेल म्हणाला, "कोण?"

मी त्याला सांगितलं. तो डोकं खाजवत राहिला. "इतकी वर्षं मी समजतोय, हा चुकतो. रेकॉर्ड कंपनीवाला म्हणाला, पुन्हा घ्या. कितीदा घेतलं, हा आपला तिथंच अडखळणार. शेवटी आम्हीच याच्यासोबत अडखळायला शिकलो."

"मला तरी कुठं कळत होतं," थर्मन हळू म्हणाला. "पाय थांबायचा." मग माझ्याकडं वळला. "ऐकलंस ना? पाय थांबायचा. आता म्हण, काप."

"अजून तीन राहिल्यात," मी म्हणाले.

तिसरी झाली, चौथी झाली. प्रत्येकीत कुठं ना कुठं तो श्वास होता. वेंडेलनं पाचवी लावली तेव्हा खालचा सूर निराळा निघाला, तारेचा, घाईघाईचा.

"हे कोण?"

"कंपनीनं बास गिटारवाला आणला," वेंडेल म्हणाला. "म्हणे लोकांना आता तेच हवंय."

"बंद कर ती," थर्मन म्हणाला. "कुणी घेतलीसुद्धा नाही."

"पाचही म्हणालास," मी म्हणाले.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं होतं. तो गिटारवाला न थांबता पुढं चालला होता, ब्रेक नसलेल्या गाडीसारखा. आणि वर थर्मनचे हात थांबले. श्वासभर. मग उत्तर देत उतरले.

"थर्मन, इथं तुझा पाय नाही."

"नाही."

"आणि एल्डर मेब्री आहेत."

तबकडी संपून सुई खरखरत राहिली. वेंडेल ती उचलायला उठला नाही.

"मी तुझ्या तोंडाकडं बघून म्हणतेय," मी म्हणाले. "काप."

मग त्यानं पाय उचलून स्टुलावर ठेवला. कुणाला पाहू न दिलेला पाय. "मोजा काढ," तो म्हणाला.

आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याच्या विधीला बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे पाय धुतात. वेंडेल अर्धवट उठला. "हे माझं काम."

"बस तू," मी म्हणाले.

मी कोमट पाण्यात फडकं पिळून आणलं आणि काळ्या बोटांना न लावता घोटा पुसला, टाच पुसली. वास होता. मी ओठांतल्या ओठांत प्रभूचं नाव घेत होते.

"दुखतंय?"

"नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वर्ष झालं, या पायाला काहीच कळत नाही, डेला. पट्टी कुठली ते खाली बघून शोधतो. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात ना, तेव्हा मी खाली बघत असतो."

मी टाच हातात तशीच धरून ठेवली. वेंडेल आवाज न करता बाहेरच्या खोलीत गेला. फोनवर तो हॉस्पिटलला थर्मनचं पूर्ण नाव सांगत होता, एकेक अक्षर सुटं करून.