अक्कम्माची शिंक

शरणबसवच्या कारखान्यात शेंगाचटणी कुटताना तिखटाचा खकाणा उठायचा आणि अक्कम्मा शिंकायची. शिंक आली की लघवी गळून साडी ओली. चार बाळंतपणं झालेली अक्कम्मा बावन्न वर्षांची. वासाच्या धास्तीनं तिनं लग्नकार्याला जाणं सोडलं होतं.

शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं. धोंडप्पा रोज संध्याकाळी मेडिकलच्या कट्ट्यावर बसायचा, त्यामुळं त्याला सगळे रोग पाठ होते.

"वय झालं की तुझं. पाणी कमी पी."

सोलापूरचा मे महिना. अक्कम्मा सकाळी अर्धा पेला पाणी प्यायची, मग थेट संध्याकाळी. उपाय असा काही लागू पडला, की आठव्या दिवशी लघवीला आग, अंगात ताप, आणि गळती होती तशीच.

मुलगी अक्षता तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. धोंडप्पाही निघाला, डॉक्टरांना मदत करायला.

"पाणी कमी प्यायला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. धोंडप्पा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचू लागला.

"जंतुसंसर्ग झालाय, त्याला गोळ्या देते. गळती स्नायू सैल पडल्यामुळं आहे. लघवी अडवताना जे आवळता, तेच आवळायचं, पाच मोजून सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. पाणी नीट प्या. दर दोन-तीन तासांनी लघवीला जा."

"एवढंच?" अक्कम्माला रडूच आलं. "सात वर्षं मी लाजंनं मेले की वो!"

व्यायाम बसल्या जागी होत होता. पण दोन तासांनी जायचं कुटं? कारखान्यात बायकांसाठी बाथरूमच नव्हतं. तिनं शरणबसवकडं ते मागितलं.

"तुलाच कशी लागते गं?" मालक म्हणाला. "बाकीच्या बघ की."

अक्कम्मानं बाकीच्यांकडं बघितलं. "खरं सांगा, शिंकताना कुणाकुणाचं गळतंय?"

माना खाली गेल्या. मग म्हाळसाबाईनं हात वर केला. मग एकेक करत अकरापैकी सात हात.

"बाथरूम झाल्याबिगर आमी येत न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली.

कुटणं बंद पडल्यावर मालकाला स्त्रीशरीराचं ज्ञान झपाट्यानं झालं. पंधरा दिवसांत बाथरूम उभं राहिलं. त्यानं नारळ फोडला, फोटो काढून घेतला आणि महिलांच्या आरोग्यावर भाषण सुरू केलं. ते लांबलं, तेव्हा अक्कम्मा उठली, आत गेली आणि कडी लावून घेतली.

तीन महिन्यांत गळती बरीच थांबली. जोराची शिंक आली तर अजून थेंबभर होतं. होटगीला भाचीच्या लग्नात ती पंगतीत पोटभर पाणी प्याली. शेजारी धोंडप्पा व्याह्यांना समजावत होता, "मी वेळेवर डॉक्टरकडं नेलं म्हणून बरं!"