बंदीच्या दिवशी

वारा सुटला की अंगणात पालापाचोळा जाळायला गावात बंदी असे. शिंपीकाकांनी तरीही ढीग पेटवला आणि शेजारणीने लगेच अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला. त्यातून हेल्मेट घातलेली काकांचीच धाकटी लेक उडी मारून उतरली. कामावर असताना तिला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“बाबा, तुम्ही? आज बंदी आहे ना!”

“चुकलो गं,” म्हणत ते जेमतेम बाजूला झाले. तिने पाण्याचा पाइप रोखला. आग विझली आणि काकाही नखशिखांत भिजले. तरी कुंपणापाशी जाऊन ते ओरडले, “वहिनी, बरं झालं फोन केलात! पाहिलंत ना, कशी एका दमात विझवली माझ्या पोरीने?”

लेकीने कपाळावर हात मारला, पण तिला हसू काही आवरेना.