लाल खुणेचा ग्लास

कौसल्या कासारे मोरीत भांडी घासायला बसली, की राकेशचं ताट आणि ग्लास सगळ्यांत शेवटी, वेगळ्या घासणीने घासायची. ग्लासाच्या बुडाला तिने नेलपॉलिशची लाल खूण केली होती, चुकून कुणी त्यातून पाणी पिऊ नये म्हणून. पोराला कावीळ झाली होती, आणि कावीळ पाण्यातून, उष्ट्यातून होते हे भोईवाड्याच्या त्या चाळीत शेंबडं पोरही सांगेल.

पण राकेशची कावीळ तसली नव्हती. तो शिरेत गर्दची नशा टोचून घेत होता. एकच सुई चौघांत फिरली आणि दुसऱ्याच्या रक्तातून ही त्याच्या अंगात आली. डॉक्टरांनी कौसल्येला नीट समजावलं होतं. तिने मान हलवली आणि घरी येऊन पाणी उकळायला ठेवलं. रोग रेड्याला, औषध पखालीला, दुसरं काय!

दवाखान्याच्या गोळ्यांनी कावीळ बरी झाली, पण ग्लास वेगळाच राहिला. व्यसनही सुटलं नाही. एका संस्थेची सीमा त्याला नव्या सुयांची पाकिटं द्यायची आणि वापरलेल्या परत न्यायची. व्यसनाचे उपचार लागू पडेपर्यंत निदान दुसऱ्याची सुई घेऊ नकोस, एवढंच तिचं मागणं होतं. कौसल्येच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण पोराला भात रांधून घालायचा आणि या बयेने त्याला सुया द्यायच्या! गादीखाली पाकीट सापडलं की ती कात्रीने त्याचे तुकडे करून कचऱ्यात टाकायची. चाळ कमिटीच्या जयवंतभाऊंनी तर सीमाला जिन्यातच अडवलं आणि चाळीचं नाव खराब करू नकोस म्हणून परत पाठवलं. सगळ्यांना हायसं वाटलं. सुया गेल्या की व्यसन गेलं, असं मानणं फार सोयीचं असतं.

उन्हाळ्यात राकेशचे डोळे पुन्हा पिवळे झाले. तीच कावीळ, नव्याने लागलेली. एवढं पथ्य सांभाळलं, भांडी वेगळी ठेवली, मग आली कुठून, म्हणून कौसल्येने घर डोक्यावर घेतलं. शेवटी राकेशने सांगून टाकलं.

"तू पाकीट फेकलंस ना आई, त्या दिवशी दीपकची घेतली. त्याने वापरलेली. दुसरी नव्हती."

दीपक म्हणजे जयवंतभाऊंचा धाकटा. भाऊंच्या घरी हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

राकेशचे वडील सीताराम, गोदीतून रिटायर झालेले, कॉटवर बसून ऐकत होते. "माझ्या आजीला गावात वरून ओंजळीत पाणी ओतायचे," ते म्हणाले. "भांडं बाटेल म्हणून. मरेपर्यंत विसरली नाही ती. आणि आपण आपल्याच पोराचा ग्लास वेगळा केला. वेगळी ठेवायची होती ती सुई, ती दिली फेकून."

कौसल्येला रडू आलं नाही, संताप आला. पोराचा आला, भाऊंचा आला, आणि डॉक्टरांपुढे नुसती मान हलवणाऱ्या स्वतःचा सगळ्यांत जास्त. काविळीला पुन्हा गोळ्या मिळतील. पण त्याच सुईतून एड्स आला असता तर? या खेपेला ती तपासणी चांगली आली होती. पुढच्या खेपेची हमी कोण देणार होतं? तिने राकेशच्या फोनवरून सीमाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सीमा गॅलरीत आली तेव्हा जयवंतभाऊ आडवे आले. "वहिनी, परत आली बघा ही. तुम्हीच सांगा तिला."

दारादारांतून माना बाहेर आल्या. कौसल्या सीमाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "मी बोलावलंय तिला," ती म्हणाली. "माझा पोरगा गर्द टोचतो, भाऊ. सुटेल तेव्हा सुटेल, पण तोपर्यंत जगायला तर पाहिजे."

तिने सीमाकडून दोन पाकिटं घेतली. एक भाऊंच्या हातात ठेवलं आणि त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "दीपकला द्या."

भाऊंचा चेहरा उतरला. पाकीट मुठीत लपवून ते आत गेले आणि दार लागलं. कौसल्येने घरी येऊन ग्लासाची लाल खूण रिमूव्हरने पुसली, तो इतर ग्लासांत मिसळला आणि सगळ्यांना चहा टाकला.

संध्याकाळी ती कचरा टाकायला गेली. चाळीच्या डब्यात वरच ते पाकीट पडलं होतं, कात्रीने बारीक तुकडे केलेलं. ती कात्रीची तऱ्हा तिच्या ओळखीची होती. भाऊंना शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं, पण कोणत्या तोंडाने देणार होती?

घरी येऊन तिने राकेशला हाक मारली. "सीमाला फोन लाव. अजून पाकिटं आण म्हणावं. आणि दीपकला सांग, त्याची सुई आपल्या घरी ठेवलीय. वेगळी."