काळ्यांच्या वाट्याचा वारा

दोघी जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. निमित्त क्षुल्लक. थोरलीनं चारचौघांत धाकटीच्या कोंबड्यांना 'नागडमान्या' म्हटलं होतं. मानेवर पिसं नसलेली ती जात, तेव्हा म्हणणं काही खोटं नव्हतं. पण धाकटीला ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून एकाच कुंपणात दोन शेड आणि दोघींची तोंडं दोन दिशांना.

पण पलीकडच्या फार्मवर मानमोडी आली आणि दोघींच्याही तोंडचं पाणी पळालं. तिथल्या कोंबड्या माना पिरगाळून पटापट पडत होत्या. डॉक्टरबाई उजाडताच आल्या. सगळ्यांनी मिळून दोन्ही शेडमधल्या कोंबड्यांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घातले.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता उन्हाला जपा. कोंबडीची सगळी ताकद धापा टाकण्यातच गेली, तर रोगाशी झुंजायला काय उरणार? मग लस दिली काय अन् न दिली काय."

"सगळ्यांचं सारखंच?" धाकटीनं विचारलं.

"नागडमान्या तगतील, उघड्या मानेतून उष्णता निघून जाते. जाऊबाईंच्या पांढऱ्या भराभर वाढलेल्या, अंगानं जड. त्यांना ऊन सोसत नाही. तुमच्या त्या जाळीआडच्या काळ्या कोंबड्यांचंही तेच. आणि इकडची कोंबडी तिकडे नेऊ नका. धरपकडीनंच मरेल."

काळ्या म्हणजे धाकटीचा जीव की प्राण. शेडच्या एका टोकाला जाळीआड ठेवलेल्या, पिल्लं होती तेव्हापासून तिनं हातानं दाणे भरवून वाढवलेल्या.

दुपारी ऊन नुसतं मी म्हणत होतं. नेमकी वीज गेली. धाकटीनं जनरेटर चालू केला, पंखे फिरले. थोरलीच्या शेडमधून मात्र आवाज नाही. तिचा जनरेटर दोनदा खोकला आणि बसला. दोघींचे नवरे खाद्य आणायला दूर गेले होते.

धाकटी जाळीतून पाहत राहिली. थोरली बादल्या उपसत होती, गोणपाटं भिजवून खिडक्यांवर टाकत होती. आत पांढऱ्या कोंबड्या पंख पसरून, चोची वासून भुशावर लोळल्या होत्या. एक उताणी पडली ती उठलीच नाही. थोरलीनं एकदा इकडे पाहिलं आणि मान फिरवली. ती मागणार नव्हती. मेली तरी मागणार नव्हती.

धाकटीनं काळ्यांकडे पाहिलं. पंख्याच्या वाऱ्यात त्या आत्ता कुठे जरा निवांत झाल्या होत्या. मग तिनं जनरेटर बंद केला आणि हातगाडीवर चढवला.

"जाऊबाई, दार उघडा!"

थोरलीनं दार उघडलं. "आणि तुझ्या?"

"माझ्या नागडमान्या आहेत ना," धाकटी फटकन म्हणाली. "तार धरा आधी, बोलू नंतर."

पांढऱ्यांच्या शेडमध्ये वारा सुटला. धाकटी धावत परतली आणि वीज येईपर्यंत काळ्यांवर पाण्याचा शिडकावा करत राहिली. हात भरून आले, पण एका माणसाच्या हातानं पंख्याचं काम होत नव्हतं. त्या दिवशी एकही काळी मेली नाही. तिला वाटलं, निभावलं.

आठवड्याभरात मानमोडी कुंपणाच्या आत आली. पांढऱ्यांपैकी पंख्यांपासून लांब होत्या त्या गेल्या, बाकीच्या तरल्या. नागडमान्यांचं फारसं बिघडलं नाही. काळ्यांच्या माना मात्र एकेक करून वळत गेल्या; निम्म्याहून जास्त गेल्या.

धाकटी कुंपणापाशी खड्डा खणत होती, तेव्हा थोरली फावडं घेऊन आली आणि शेजारी खणू लागली.

खणता खणता म्हणाली, "माझ्यामुळे गेल्या गं तुझ्या."

हो, तुमच्यामुळेच, हे धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं घाम पुसला.

"ऊन काय तुम्ही पाठवलं होतं?" ती म्हणाली. "चुना आणा, जाऊबाई. वर चुना टाकायला हवा."

थोरली चुना आणायला वळली. तेव्हा कुठे धाकटी खड्ड्याच्या काठावर बसली आणि हमसून हमसून रडली.