मूठभर बेदाणे

कल्पना करा बाळांनो, तुमच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तुमची कुत्री आहे. तिचं नाक कोरडं पडलंय आणि तुम्ही बोट पाण्यात बुडवून ते पुन्हा पुन्हा भिजवताय. मंठ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात रूपल तेच करत होती.

"रक्ताचा रिपोर्ट आला," डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या. "दोन्ही किडन्या गेल्यात. काय खाऊ घालून राह्यले हिला?"

"घरचंच, मॅडम. पोळी, दूध," रूपलचे पप्पा म्हणाले. "आमची बुंदी आमच्याहून पक्की जैन हाय. दिवस बुडाल्यावर तोंड लावत न्हाई कशाला."

"आणि बेदाणे," रूपल म्हणाली. "दादी देते."

पर्युषण चालू होतं. दादीचा, म्हणजे बसंतीबाईंचा, आठ दिवसांचा उपवास होता; नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसाच. रोज संध्याकाळी आपल्या वाट्याचे बेदाणे दादी बुंदीला भरवायची. 'मी खात न्हाई, तर तू तरी खा,' म्हणायची.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे. आम्ही शिकत होतो तेव्हा आम्हालाही कुणी सांगितलं न्हाई. आता नव्या पोरांना शिकवतात."

"मंग पुण्याला नेतो. जल्दी निघतो."

"तिथं रक्त साफ करायचं मशीन आहे. पण हिची लघवी बंद झालीय. वाटेतच जाईल, भैया. घरी न्या."

"माझं रक्त द्या ना तिला," रूपल म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडीत पप्पा एकदाच बोलले, "उद्या दादीचं पारणं. आज तिला काही सांगायचं न्हाई."

दादी भिंतीला धरून दारात उभी होती. उपवासानं चेहरा पार उतरला होता.

"काय म्हणले डॉक्टर?"

"थकलीय म्हणे," पप्पा चपला काढत राहिले.

"थकणारच. कालपासून पोटात काही न्हाई माझ्या लाडीच्या."

दादी सावकाश आत गेली आणि बंद मूठ घेऊन आली. अंगणात अजून ऊन होतं; रूपलनं बुंदीला तिथंच टॉवेलावर निजवलं होतं. ती बुंदीजवळ टेकली, मूठ उघडली.

"खा गं बाई. माझ्या हातचं तर खाशील?"

दिवसभर मान न उचललेल्या बुंदीनं मान उचलली. शेपटी एकदा हलली. तिनं त्या हाताकडे तोंड नेलं. पप्पांनी मान दुसरीकडे वळवली.

रूपल गुडघ्यांवर झटकन मध्ये आली.

"दादी, आज मला."

"अगं हावरट! आजारी जिवाचा खाऊ खाशील?" दादी हसली.

रूपलनं एका हातानं बुंदीचं तोंड आपल्या कुशीत दाबून धरलं, दादीच्या तळहातावर ओठ टेकवले आणि शेवटच्या दाण्यापर्यंत सगळे बेदाणे खाल्ले.